गोठ्यातल्या खुंटीवरचे ताट

२०१३ सालच्या सप्टेंबरात, पाऊस उतरणीला लागलेला असताना, शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यावर मी एका रुग्णाच्या घरी गेले होते. पायथ्याच्या गावापर्यंत एसटी होती; तिथून पुढे सड्यावरची दीड तासाची पाऊलवाट. घर कुडाचे, शेणमातीने लिंपलेले, आणि अर्ध्या घरात म्हशी. त्या म्हशींच्या बाजूला, गोठ्यातल्या खुंटीला, तारेने टांगलेले जर्मनचे एक ताट मला दिसले. ताटाच्या काठाला भोक पाडून तार ओवलेली होती आणि खाली दगडावर एक तांब्या उपडा घातलेला होता. ज्यांच्यासाठी मी गेले होते ते गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे होते, त्यांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडल्याचा अहवाल मला आदल्या दिवशी संध्याकाळी मिळाला होता आणि ती बातमी त्यांना देणारी मीच पहिली होते. म्हणजे ताट गोठ्यात गेले ते निदान हाती येण्याच्या आधी.

मी सुनेला विचारले. ती म्हणाली, "मामांनीच नेऊन टांगलंय, बाई. आमी कोन काय बोललो न्हाई. खोकल्यातनं रगात आलं त्या दिशी त्येंनी सवताच ताट काडून घेतलं."

शाहूवाडी आणि पन्हाळा या दोन तालुक्यांत आरोग्य सेविका म्हणून मी एकतीस वर्षे नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन कोल्हापुरात राहते. दरवर्षी २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन साजरा होतो, भाषणे होतात, शाळेची मुले फलक घेऊन फेरी काढतात, आणि प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास असते की ग्रामीण आणि आदिवासी भागातील लोकांमध्ये क्षयरोगाविषयी अज्ञान आहे. हे वाक्य मीही अनेकदा म्हटले आहे. त्या दिवशी गोठ्यातले ताट पाहिल्यापासून मात्र ते माझ्या तोंडून निघत नाही. त्या गृहस्थांना आजार ओळखता आला होता, तो दुसऱ्याला लागतो हे ठाऊक होते, आणि घरात दोन लहान नातवंडे आहेत म्हणून त्यांनी स्वतःहून बाजूला होण्याचा निर्णय घेतला होता. याला अज्ञान कसे म्हणावे? त्यांना टीबी नीट माहीत होता, पण तो औषधे येण्याआधीचा टीबी होता. वाड्यावस्त्यांवर जी समजूत आहे ती त्या काळाची आठवण आहे, आणि ती खोडून काढणारी नवी बातमी तिथवर पोचवायचे काम आपण पुरते केलेले नाही, असे माझे मत आहे.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी. म्हणूनच तो दिवस पाळला जातो. परंतु जंतू सापडल्यानंतरही साठ वर्षे त्यावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला आणि आयसोनियाझिड हे आजही वापरात असलेले औषध १९५२ साली आले. त्याआधी माणसाच्या हातात काय होते, याचा विचार करून पाहावा. रोग्याला वेगळे ठेवणे, चांगलेचुंगले खाऊ घालणे, मोकळ्या हवेत नेणे, एवढेच. ज्यांच्याकडे पैसा होता ते आपल्याकडून मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये जात. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी घरातल्या घरात जेवढे वेगळे करता येईल तेवढे केले, आणि एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांना वेगळे करण्याची जागा म्हणजे गोठा. खुंटीवरचे ताट हे त्या वाड्याचे सॅनेटोरियम होते.

लग्नाच्या बाबतीतली भीतीही अशीच आली आहे. "त्यांच्या घराण्यात हाय" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल. ज्यांनी ते प्रथम म्हटले त्यांचे निरीक्षण बिनचूक होते: एका घरात बाप गेला, मग थोरला मुलगा, मग सून. जंतू हवेतून जातो, त्यामुळे एका खोलीत निजणाऱ्यांना तो एकमेकांकडून मिळतो, आणि संसर्ग झालेल्यांपैकी शंभरात पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो, तोही कधी कधी वर्षानुवर्षांनी. दहा वर्षांच्या अंतराने त्याच घरात दुसरा रुग्ण दिसला तर माणूस ते रक्तातून आले असेच समजणार. निष्कर्ष चुकला, पण डोळे उघडे होते. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप हळूच चौकशी करतो, आणि त्या चौकशीच्या धाकाने आजारी मुलीची आई औषध हळदीच्या डब्यात लपवते, हे सगळे त्या जुन्या निरीक्षणाचे फळ आहे.

शब्दातही इतिहास साठलेला असतो. राजयक्ष्मा हे या रोगाचे जुने नाव, आणि त्याची पुराणातली कथा चंद्राची: सत्तावीस बायकांपैकी एकट्या रोहिणीवर जीव लावला म्हणून सासऱ्याने, दक्षाने, शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. कथा सुंदर आहे, पण रोगाबरोबर दोष चिकटला तो कायमचा. आमच्या भागात क्षय हा शब्द फारसा कोणी उच्चारत नाही. टीबी म्हणतात तेही आवाज खाली आणून, नाहीतर नुसते "त्यो आजार" म्हणतात. रुग्णाने काहीतरी केले असणार, बाहेरचा नाद असणार, दारू असणार, हा संशय त्या खालच्या आवाजातच असतो.

जुनी बातमी बदलायला हवी होती ती १९५९ सालीच. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने गरीब, दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांतील रुग्णांचे दोन गट केले होते, आणि त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला घरीच औषधे दिली. घरी राहिलेले रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे झाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या घरच्यांना आजार होण्याचे प्रमाण काही जास्त निघाले नाही. जो काही धोका होता तो औषध सुरू होण्याआधीच्या दिवसांतला होता. आज आम्ही सांगतो की योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत रुग्णापासून संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो, आणि ताट, तांब्या, कपडे, अंथरूण यांतून क्षय पसरत नाही. तो खोकल्याच्या, शिंकेच्या, बोलण्याच्या वाटेने हवेतून पसरतो. जगभरातील रुग्णांना सॅनेटोरियमच्या खाटेवरून सोडवणारा हा अभ्यास आपल्या देशातला आहे, आणि तरीही आपल्याच वाड्यांवर ताट खुंटीला आहे.

इथे मला माझी एक चूक लिहिली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः घरोघरी "भांडी वेगळी ठेवा" असे सांगत असे. मला ते कोणी शिकवले नव्हते; मी माझ्या आजोळी तसे पाहिले होते आणि गणवेश चढवून तेच सांगत सुटले. पन्हाळा तालुक्यातील एक बाई नऊ वर्षांपूर्वी पूर्ण बऱ्या झालेल्या होत्या. मी लसीकरणासाठी त्यांच्या गल्लीत गेले तेव्हा त्या उंबऱ्याबाहेर बसून जेवत होत्या आणि आत बाकीचे घर पंगतीला बसले होते. मी कारण विचारले तर त्या सहज म्हणाल्या, "मी तवापास्नं बाजूलाच जेवतो, बाई. तुमीच सांगिटलं हुतं न्हवं?" नऊ वर्षे, दिवसातून दोन वेळा. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, आणि माझ्यावर त्यांचा रागही नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, कारण त्यांना आणि आतल्या माणसांना सांगण्याची दुसरी पद्धत मला त्या क्षणी सुचली नाही. त्यानंतर मी प्रत्येक रुग्णाच्या घरी पाणी मागून पिते, आणि ते त्यांच्याच भांड्यातून पिते.

समजुतीचा प्रश्न पुष्कळदा आपल्या भाषेचा असतो, आणि हेही मला उशिरा कळले. आमच्या फलकांवर, पत्रकांवर, अर्जांवर सगळीकडे "थुंकी तपासणी" असा शब्द आहे. रुग्णाला डबी देऊन "उद्या सकाळची थुंकी आणा" म्हटले की तो अगदी प्रामाणिकपणे थुंकी आणतो, म्हणजे तोंडातली लाळ. प्रयोगशाळेत ती तपासून काहीच सापडत नाही, अहवाल निरंक येतो आणि माणूस खोकत राहतो. आपल्याला हवा असतो छातीतून खाकरून निघालेला बेडका. हा शब्द लिहायला अशिष्ट वाटतो म्हणून कागदावर येत नाही, पण वस्तीवर तोच एक शब्द आहे जो लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांना अचूक कळतो. "सकाळी उठल्याबरोबर चूळ भरा, लांब श्वास घ्या, छातीतनं खाकरा आणि बेडका डबीत काढा" असे सांगू लागल्यापासून माझ्याकडे येणारे नमुने बदलले. आता जंतूची जनुके ओळखून निदान करणारी यंत्रे आली आहेत, काही तासांत उत्तर देतात, औषधाला न जुमानणारा जंतू आहे की काय तेही सांगतात. पण त्या यंत्रातही लाळ घातली तर यंत्र तरी काय सांगणार?

"दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला" हे आमचे दुसरे पाठ केलेले वाक्य. ते वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे, परंतु धनगरवाड्यावर त्याचा अर्थ काय लागतो ते पाहावे. जून ते सप्टेंबर घरात ओल, खिडकी नाही, चूल दिवसभर पेटलेली, धूर आढ्यात कोंडलेला, बायकांच्या दातांना मशेरी आणि पुरुषांच्या तोंडात विडी. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "खोकला न्हाई असं मानूस दावा की वाड्यावर." त्यांच्यासाठी खोकला हे लक्षण नसते, ते हवामान असते. म्हणून मी नंतर खोकल्यापासून सुरुवात करणे सोडले आणि विचारू लागले की घरात कोण उतरलंय, कुणाच्या अंगावरचा कपडा सैल झालाय, कुणाला संध्याकाळी कणकण येते, रात्री घामाने कुणाची वाकळ भिजते. या जिल्ह्यात माणसाच्या अंगाकडे लोकांचे बारीक लक्ष असते. तालमीची माती अंगाला लावलेली पोरे घरोघर आहेत, आणि कोण भरलाय, कोण उतरलाय याची चर्चा पारावर रोज होते. वजन घटल्याचे शेजाऱ्याला आधी कळते. याच अभिमानाची एक अडचणही आहे. खासबागेच्या मैदानाची स्वप्ने पाहिलेल्या तरुणाला आणि त्याच्या वस्तादाला "पैलवान गड्याला कुठला टीबी" असे वाटते, आणि त्यात दोन-तीन महिने जातात.

लोक दवाखान्यात येत नाहीत, हा आरोप फार जुना आहे, आणि तो पडताळून पाहण्याचे काम आपल्या शेजारच्या कर्नाटकातच झाले होते. तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी क्षयरुग्णांची पाहणी केली, ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. बहुतेक सर्व रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, अनेकांना त्याची काळजी लागलेली होती, आणि निम्म्याहून अधिक रुग्ण आधीच कुठल्या ना कुठल्या दवाखान्याची पायरी चढून आले होते. त्यांना तिथून खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले गेले होते. माणूस मजुरी बुडवून, गाडीभाडे मोडून येतो, गुलाबी औषध घेऊन जातो, बरे वाटत नाही, आणि पुन्हा येत नाही. पुढे त्याचा मुलगाही येत नाही, कारण घरात अनुभव सांगितला गेलेला असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेही गेलेले नव्हते, आणि त्यांपैकी बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचे कारण दिले. हा आकडा वाचून पुन्हा अज्ञानाची भाषणे होतील. मला त्यात तुमकूरच्या त्या बाटल्या दिसतात. शिवाय "दुर्लक्ष" हा शब्द पाहणी करणाऱ्याच्या रकान्यातला आहे. घरी म्हैस व्यालेली असताना, भात कापणीला आलेला असताना, रोजंदारीवर चूल अवलंबून असताना माणूस जे करतो त्याला आपण दुर्लक्ष म्हणतो.

आणि नाव फुटण्याची भीती. माझी पांढरी साडीच रुग्णाला उघडे पाडत असे, हे मला एका नव्या सुनेने सांगितले. लग्नाला सात महिने झालेले, छातीत पाणी झालेले, निदान क्षयाचे. असा रोग फुप्फुसाच्या आवरणात असला आणि बेडक्यात जंतू नसले तर तिच्यापासून कुणाला धोकाही फारसा नसतो. पण सासरी ते कोण ऐकणार? ती मला विहिरीवर गाठून म्हणाली, "बाई, तुमी आमच्या दारात थेट येऊ नगासा. आदी दुसऱ्यांच्या घरला जावा." तेव्हापासून मी त्या गल्लीत गेले की तीन घरी लहान मुलांची वजने करायची, एखाद्या म्हाताऱ्याचा रक्तदाब बघायचा आणि चौथ्या घरी जायचे, असा क्रम ठेवला. दर फेरीला एक तास वाढला. त्या मुलीचे औषध पूर्ण झाले, ती त्याच घरात नांदते आहे. निदान झाल्याबरोबर माहेरी पाठवलेल्या आणि परत न नेलेल्या मुली मी याहून जास्त पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही.

आता ज्या ठिकाणी वस्तीचे म्हणणे बरोबर होते आणि आम्ही ते ऐकले नाही, त्याबद्दल. "टीबी कशाने होतो" असे विचारले की वाड्यावरची माणसे सांगत, "अंगात रगात न्हाई म्हनून", "पोटाला न्हाई आनि काम लई, म्हनून". आम्ही लगेच दुरुस्त करत असू की नाही, जंतूमुळे होतो. जंतूमुळे होतो हे खरेच आहे. पण जंतू लाखोंच्या अंगात निपचित पडून असतो आणि तो कुणाच्या अंगात उठतो, याचे भारतातील सर्वांत मोठे कारण कुपोषण आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेला अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २८०० रुग्णांना उपचाराच्या काळात दरमहा दहा किलोंचा शिधा दिला गेला, आणि त्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांपैकी एका गटाला माणशी पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, संसर्गजन्य प्रकाराचे तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. तांदूळ आणि डाळ! "पोटाला न्हाई म्हनून" हे वाक्य मी किती जणांच्या तोंडचे तोडले असेल, याची मला आज खंत वाटते.

देशभरच्या आदिवासी भागांचे आकडे याच दिशेने बोट दाखवतात. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीचा आदिवासी आरोग्यावरील अहवाल २०१८ साली आला. त्यात आदिवासींमध्ये क्षयरोगाचे प्रमाण लाखामागे ७०३ आणि इतरांमध्ये २५६ असा अंदाज दिला आहे. मध्य प्रदेशातील सहरिया जमातीत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण लाखामागे १५१८ आढळले होते. सहरिया माणसाचा जंतू काही वेगळा नाही. कोल्हापूर हा आदिवासी जिल्हा नव्हे, आणि आमचे धनगर बांधव सरकारी यादीत अनुसूचित जमातींत मोडत नाहीत. परंतु सड्यावरच्या वाड्यात नाचणीची भाकरी आणि ताक यांवर पावसाळा काढणाऱ्या माणसाची अंगलट मी पाहिलेली आहे. दूध त्यांच्याच घरचे, पण ते डेअरीला जाते, तूप बाजारात जाते. क्षयरुग्णाला आहारासाठी पैसे देणारी सरकारची निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ पासून सुरू झाली, दरमहा ५०० रुपये, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले, ही योग्य दिशेची गोष्ट आहे. पैसे बँकेत जमा होतात आणि बँक पायथ्याच्या गावाच्याही पलीकडे आहे, ही अडचण मात्र रुग्णाच्या पायांना विचारावी.

दुधावरून एक गोष्ट सांगून टाकते. कोल्हापूरकरांचा धारोष्ण दुधावर मोठा विश्वास, आणि आजारी माणसाला ते दिले की ताकद येते अशी समजूत वाड्यावरही आहे. दूध अवश्य द्यावे, पण उकळून द्यावे. जनावरांना होणारा क्षय कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतो.

ताकदीच्या आणि उष्णतेच्या भाषेतच लोक औषधही समजून घेतात. "गोळ्या गरम पडल्या" म्हणून औषध सोडलेले रुग्ण प्रत्येक उपकेंद्रात असतात. त्यात रिफाम्पिसिन या औषधाने लघवी तांबडी-नारिंगी होते. रुग्णाला आधी सांगितलेले नसेल तर त्याला वाटते की आतून रक्त चालले, उष्णता बाहेर पडते आहे, आणि तो घाबरून गोळी बंद करतो. मी पहिल्या गोळीच्या आधी सांगत असे की उद्या लघवी तांबडी होईल, झाली की समजा औषध अंगाला लागले. हा एक इशारा दिला की तीच तांबडी लघवी भीतीऐवजी धीर देते, एक आजोबा तर मला बांधावरून ओरडून सांगायचे, "बाई, लाल हाय अजून!" गोळी गरम पडते म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. उपाशीपोटी मळमळत असेल तर वेळ बदलून देता येते, डोळे पिवळे दिसले तर मात्र ताबडतोब डॉक्टरांकडे नेले पाहिजे, हे त्याला आणि घरच्यांना सांगते.

देवरुषाकडे लोक जातात, अंगारा आणतात, लिंबू उतरून टाकतात. त्याचे मला पूर्वी जेवढे वाईट वाटे तेवढे आता वाटत नाही, कारण तिथे माणसाचे ऐकून घेतले जाते. एका देवरुषी आजोबांना मी एवढेच म्हणाले होते की अंगारा तुम्ही द्या, पण उतरलेला आणि खोकणारा माणूस असेल तर एक डबी माझ्याकडेही धाडा. त्यांनी पुढे चार माणसे धाडली, त्यांतल्या एकाला क्षय निघाला.

ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल मला याहून जास्त लिहायला हवे, पण त्यांच्यात माझे काम थोडे झाले. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून येणारी जोडपी फडाच्या कडेला पाले ठोकून राहतात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, आणि फड बदलला की औषध देणारी माणसेही बदलतात. आता रुग्णाला निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी क्षयरोग नोंदणीतला त्याचा क्रमांक, मिळतो आणि तो सांगितला तर देशात कुठेही औषध पुढे चालू होते, हे त्यांच्यापर्यंत त्यांच्या गावातच, निघण्याआधी पोचले पाहिजे.

धनगरवाड्यावरच्या त्या गृहस्थांकडे परत येते. त्या वेळी औषध एक दिवसाआड असे, रोजच्या गोळ्या नंतर, २०१७ साली आल्या. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा एक खोका येई आणि त्यात सहा महिन्यांची सगळी औषधे आधीच भरलेली असत. मी तो खोका घेऊन गेले, त्यांच्यापुढे उघडला, आणि त्यावरचे त्यांचे नाव त्यांच्या नातवाने अक्षर लावून वाचले. ते बराच वेळ त्या पाकिटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवड्या समद्या माज्याच?" मी म्हणाले, "तुमच्याच, मामा. फाल्गुनापर्यंतच्या आहेत." आपण फाल्गुन पाहणार आहोत असे कुणीतरी हिशेबात धरले आहे, हे त्यांना त्या खोक्यावरून समजले असावे, कारण त्या दिवसानंतर त्यांची एकही गोळी चुकली नाही.

ताट मात्र लगेच हलले नाही. मी दर फेरीला पाणी मागून त्यांच्याच तांब्याने पीत असे. दिवाळीच्या सुमारास खुंटी रिकामी दिसली आणि ताट आतल्या फळीवर इतर ताटांच्या थप्पीत होते. कोणी आणून ठेवले ते मी विचारले नाही.

मार्च २०१४ मध्ये त्यांचा शेवटचा नमुना निर्दोष आला. मी कागद घेऊन वर गेले तेव्हा ते म्हशींना पाणी दाखवत होते. त्यांचे वजन सहा किलोंनी वाढले होते. कागद त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच आपल्या आईबद्दल बोलले. ती याच आजाराने गेली, भूकंपाच्या आधी दोन वर्षे. कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरातला, म्हणजे साल १९६५. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. आई शेवटचे आठ महिने गोठ्यात निजायची आणि ते लांबून तिच्या ताटात भाकरी टाकायचे. ती खुंटी तिचीच होती.

त्यांनी मला विचारले, "बाई, त्या टायमाला ही गोळी हुती का?"

मी क्षणभर थांबले. खोटे सांगणे सोपे होते. स्ट्रेप्टोमायसिनला तेव्हा बावीस वर्षे झाली होती, आयसोनियाझिडला तेरा, आणि देशाचा क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९६२ सालीच सुरू झाला होता.

मी म्हणाले, "हीच नव्हती, पण दुसरी औषधं होती, मामा. सुया होत्या, गोळ्या होत्या. वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागत, पण माणूस बरा व्हायचा. फक्त इथवर आली नव्हती."

"किती लांब हुती?"

कोल्हापूर तिथून सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे. मी तेवढे सांगितले.